टेक्नॉलॉजी प्रकल्पाचा कॉन्फिगरेशन आराखडा: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

सकाळी सहाला फोन येतो, "भाऊ, पट्टीवर वजन येऊन नाही राहिलं. काल रात्रीपर्यंत तर बरोबर होतं." काट्यासमोर गाड्यांची रांग आहे, माल उतरायचा आहे. अशा वेळी तुम्हाला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: काल रात्रीपासून आतापर्यंत काय बदललं? हे उत्तर कुणालाही फोन न करता, नोंदीत पाहून देता आलं, तर तुमच्या प्रकल्पात कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट आहे. नाही देता आलं, तर कपाटात कितीही जाड फाइल असो, ते नाही.

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, मिहानमध्ये किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात नुकतेच लागलेल्या आणि "प्रकल्पाचा सीएम प्लॅन (म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचा आराखडा) तू लिही" असं ऐकलेल्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. सर्व्हर, फर्मवेअर (यंत्राच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) आणि जागेवर बसवलेली यंत्रं असा मिश्र कारभार असलेल्या प्रकल्पांवर मी हे काम केलं आहे. तयार नमुना उतरवून, वरचं नाव बदलून दिलेले आराखडे मी पुष्कळ पाहिलेत. पानं भरपूर असतात, पण बिघाड झाला की कुणी ते उघडत नाही. तुमचा आराखडा दहा-बारा पानांचा असू द्या, पण त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी पाळणारी असू द्या.

समजायला सोपं जावं म्हणून लेखभर एकच काल्पनिक प्रकल्प धरतो. कळमना बाजारासारख्या मोठ्या आवारात सहा इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आहेत. प्रत्येक काट्याला वजन दाखवणारा इंडिकेटर, एक छोटा संगणक आणि काटापट्टी छापणारा प्रिंटर. वजन मधल्या सर्व्हरवर जातं, अडत्यांच्या मोबाइल ॲपवर दिसतं आणि शेतकऱ्याला एसएमएस जातो.

सुरुवातीआधी हे जवळ ठेवा

- वर्क ऑर्डर किंवा करार, आणि त्यातली स्वीकृतीची कलमं
- मंजूर झालेल्या गरजांचा दस्तऐवज, निदान ज्यावर क्लायंटची सही आहे ते पान
- यंत्रसामग्रीची बिलं, अनुक्रमांक, वॉरंटी व देखभाल कराराची कागदपत्रं
- सॉफ्टवेअर परवान्यांची यादी आणि त्यांच्या मुदती
- नेटवर्कचं रेखाचित्र, हाताने काढलेलं असलं तरी चालेल
- क्लायंट, व्हेंडर आणि जागेवरच्या माणसांची नावं व फोन
- काट्यासारखी मोजमापाची साधनं असतील तर वैधमापन विभागाचं पडताळणी प्रमाणपत्र

यातला एखादा कागद सापडत नसेल तर तो कुणाकडे असायला हवा, हे लिहून ठेवा. शोधाशोधीचा हा आठवडा वाया जात नाही. आराखड्याची पहिली यादी त्यातूनच तयार होते.

१. आधी माणूस ठरवा, मग व्याप्ती

"टीम सांभाळेल" असं वाक्य आराखड्यात येऊ देऊ नका. एका व्यक्तीचं पद लिहा आणि ती रजेवर असताना कोण, तेही लिहा. छोट्या कंपनीत हे काम बहुधा टेस्टिंग किंवा सपोर्टच्या माणसाकडे अर्धवेळ येतं. त्याला हरकत नाही, पण आठवड्याचे किती तास त्याच्या नावावर आहेत हे वरिष्ठांकडून लेखी घ्या. वेळ न देता दिलेली जबाबदारी पहिल्याच डेडलाइनला बाजूला पडते.

व्याप्ती लिहिताना सीमारेषा ओढा. आपल्या उदाहरणात सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर तुमचं. इंडिकेटरचं फर्मवेअर व्हेंडरचं, पण कोणत्या काट्यावर कोणती आवृत्ती आहे याची नोंद तुमची. इंटरनेटची लाइन बाजार समितीची, पण राउटरची सेटिंग्ज कोणाची? असे प्रश्न करारात सुटलेले नसतात. ते आताच विचारा, बिघाडाच्या दिवशी नव्हे.

२. काय काय ताब्यात घ्यायचं त्याची यादी

ज्या गोष्टीत बदल झाला तर प्रणालीचं वागणं बदलतं, आणि म्हणून जिची आवृत्ती आपण सांभाळतो, ती कॉन्फिगरेशन आयटम. नवख्यांची समजूत असते की कोड गिटमध्ये (आवृत्त्यांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात) टाकला की झालं. कोड हा यादीतला एक भाग आहे, आणि बिघाड बहुतेक वेळा त्याच्या बाहेरून येतो.

आपल्या उदाहरणाची यादी मी अशी करेन: सर्व्हरचा कोड, ॲपचा कोड, डेटाबेसची रचना आणि ती बदलणाऱ्या स्क्रिप्ट, प्रत्येक संगणकाची सेटिंग फाइल, इंडिकेटरचं मॉडेल आणि फर्मवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर, पट्टीचा नमुना, एसएमएसचा मंजूर मजकूर, राउटर व फायरवॉलची सेटिंग्ज, वापरलेल्या तिसऱ्या पक्षाच्या लायब्ररी (बाहेरच्यांनी लिहिलेला तयार कोड), चाचणीची प्रकरणं, आणि ऑपरेटरच्या टेबलावर चिकटवलेली सूचनांची पाटी. पाटी हसण्यावारी नेऊ नका. स्क्रीन बदलली आणि पाटी जुनीच राहिली, तर ऑपरेटर पाटीवर विश्वास ठेवतो.

लायब्ररींची यादी तर सोडूच नका. डिसेंबर २०२१ मध्ये जावातल्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतली गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा जगभरच्या कंपन्यांपुढे पहिला प्रश्न होता: ही लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे? ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी सरळ दुरुस्ती सुरू केली. बाकीच्यांचे पुढचे दिवस शोधण्यातच गेले. तुमच्या भाषेच्या पॅकेज मॅनेजरची (लायब्ररी आणून बसवणाऱ्या साधनाची) लॉक फाइल, म्हणजे नेमक्या आवृत्त्यांची यादी, रिपॉझिटरीत (गिटमधल्या प्रकल्पाच्या साठ्यात) ठेवली की ही यादी आपोआप अद्ययावत राहते.

उलट बाजूचा सापळाही आहे: सगळंच यादीत घेणं. माउस, खुर्ची, स्टॅबिलायझर ही मालमत्तेच्या रजिस्टरची कामं. हे बदललं तर पुन्हा चाचणी घ्यावी लागेल का, असं विचारा. नाही म्हटलं तर ते आपल्या यादीत नको.

काट्यासारख्या साधनाला कायद्याचीही एक बाजू असते. व्यापारात वापरलं जाणारं वजनसाधन वैधमापन अधिनियम, २००९ खाली पडताळलेलं आणि शिक्का मारलेलं असावं लागतं, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळणी लागते. म्हणून त्या आयटमच्या नोंदीत "शिक्क्याला धक्का लागेल असा बदल परस्पर करू नये" ही ओळ ठळक टाका. वैद्यकीय उपकरणं, बॉयलरचे कंट्रोलर, वीजमीटर, तुमच्या क्षेत्रात जे असेल त्याचा असाच नियम शोधा.

३. नावं आणि आवृत्त्या

इथे फार वेळ घालवू नका, फक्त एकदाच ठरवा आणि सगळ्यांना पाळायला लावा. नावात तीन गोष्टी पुरतात: प्रकल्प, आयटमचा प्रकार, क्रमांक. सॉफ्टवेअरला तीन आकड्यांची पद्धत, उदाहरणार्थ २.३.१. जुन्याशी न जुळणारा बदल झाला तर पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय आली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. दस्तऐवजांना आवृत्ती आणि तारीख.

"फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन सुधारित" अशी नावं दिसली की ती त्याच दिवशी बंद करा. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल अधिकृत मानायची नाही, हा नियमही आराखड्यात शब्दशः लिहा. क्लायंटने मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो रिपॉझिटरीत गेल्यावर आणि क्रमांक मिळाल्यावरच वापरायचा.

४. बेसलाइन कधी गोठवायची

बेसलाइन म्हणजे सगळ्यांनी मान्य करून स्थिर केलेली अवस्था. यापुढचा प्रत्येक बदल तिच्याशी ताडून पाहायचा आणि रीतसर मंजुरीनेच करायचा. नव्या माणसाचा इथेच सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

साधारण प्रकल्पाला तीन बेसलाइन पुरतात. पहिली, गरजांवर क्लायंटची सही झाली तेव्हा. दुसरी, रचना ठरली तेव्हा: कोणता इंडिकेटर, कोणता डेटाबेस, कोणता प्रोटोकॉल. तिसरी, स्वीकृती चाचणी पास होऊन प्रणाली ताब्यात दिली तेव्हा. प्रत्येकीसाठी आराखड्यात चार गोष्टी असाव्यात: कोणत्या घटनेने ती तयार होते, तिच्यात कोणते आयटम कोणत्या आवृत्तीचे आहेत, मंजुरी कोणाची, आणि ती कुठे जतन केली आहे.

"बेसलाइन १५ जूनला" असं लिहू नका. तारीख सरकते आणि अर्धवट काम गोठवलं जातं. "गरजांच्या दस्तऐवजावर दोन्ही पक्षांची सही झाल्यावर" असं लिहा.

कोडची बेसलाइन म्हणजे गिटमधला टॅग, ठरावीक अवस्थेला दिलेलं नाव. तो कुणाला हलवता येणार नाही अशी परवानगी लावा. सेटिंग फाइल आणि डेटाबेसच्या स्क्रिप्ट त्याच टॅगखाली आल्या पाहिजेत. नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही कोड परत मिळवाल, पण तो कोणत्या सेटिंगवर चालत होता ते कळणार नाही. फर्मवेअरची फाइल व्हेंडरकडून मागून घ्या, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढा आणि नोंदवा. व्हेंडरच्या संकेतस्थळावरून जुनी आवृत्ती कधी नाहीशी होईल याचा नेम नसतो.

पासवर्ड आणि किल्ल्या (प्रणालीत शिरायचे गुप्त कोड) मात्र रिपॉझिटरीत कधीच नकोत. गिटमध्ये एकदा गेलेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पुसला तरी इतिहासात राहतो. असं झालंच तर पासवर्ड बदलायचा, नुसती ओळ पुसून भागत नाही. बेसलाइनमध्ये "ही किल्ली अमुक तिजोरीत आहे" इतकाच उल्लेख असू द्या.

५. बदल कोणत्या वाटेने येईल

बदल येणारच. तो कोणत्या दारातून आत येईल, हे तुम्ही ठरवायचं.

एक फॉर्म करा, एका पानाचा. काय बदलायचं आणि का. कोणते आयटम हलतील. चाचणी कशी होईल. बिघडलं तर मागे कसं जायचं आणि त्याला किती वेळ लागेल. कोण करणार, कधी करणार. यात सर्वांत जास्त भर मी मागे जाण्याच्या रकान्यावर देतो. तो रिकामा असेल तर फॉर्म परत पाठवा, मागणारा कितीही मोठ्या हुद्द्याचा असो.

मंजुरी देणाऱ्या मंडळाला चेंज कंट्रोल बोर्ड म्हणतात. छोट्या प्रकल्पात तीन माणसं पुरे: तांत्रिक प्रमुख, क्लायंटचा प्रतिनिधी, आणि जागेवर काम पाहणारा. तिसरा माणूस बहुतेक आराखड्यांत नसतो. तो घ्याच. पहाटे चारला आवक सुरू होते, त्यामुळे रात्री दोनचा बदल सोयीचा नाही, हे त्यालाच ठाऊक असतं.

प्रत्येक बदल मंडळापुढे नेलात तर लोक मागच्या दाराने बदल करू लागतील. म्हणून तीन वर्ग करा. नेहमीचे, आधीच मान्य केलेले, जसं प्रिंटरची रिबन किंवा वापरकर्त्याचं नवं खातं: फक्त नोंद. साधे बदल: तांत्रिक प्रमुखाची मंजुरी. वजन, पैसे, सुरक्षा किंवा कायद्याशी संबंधित बदल: पूर्ण मंडळ.

तातडीच्या बदलाला वेगळा परिच्छेद हवा. गाड्या उभ्या असताना फॉर्म भरत बसा असं कुणी ऐकणार नाही, ऐकूही नये. नियम असा: दोघांनी मिळून बदल करायचा, एकाने करायचं आणि दुसऱ्याने पाहायचं. नोंद २४ तासांच्या आत. आणि जागेवर केलेली दुरुस्ती रिपॉझिटरीत आणेपर्यंत तो बदल बंद झाला असं धरायचं नाही. ही शेवटची अट विसरली गेली की पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्ती पुसली जाते आणि तोच बिघाड परत येतो.

दुसऱ्या माणसाने पाहणं किती महत्त्वाचं, याचं ठळक उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातलं आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या कंपनीच्या आठपैकी सातच सर्व्हरवर नवा कोड गेला होता. आठव्यावरचा जुना, कित्येक वर्षं न वापरलेला भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. नंतरच्या चौकशीत दिसलं की हे काम दुसऱ्या कुणी तपासावं असा लेखी नियमच नव्हता. तुमच्याकडे सहा काटे आहेत. रिलीजच्या यादीत सहा रकाने करा आणि सहाही भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बदलबंदीचं कॅलेंडरही इथेच जोडा. ते जागेच्या कामावरून ठरतं. संत्र्याच्या बाजारात आंबिया बहाराची आवक ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. या काळात फक्त तातडीचे बदल. मोठी कामं मे ते सप्टेंबर या मोकळ्या पट्ट्यात. सरकारी कार्यालयाची सही लागणार असेल तर डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशनही लक्षात घ्या, त्या दिवसांत आपल्या शहरातले अधिकारी दुसऱ्याच धावपळीत असतात.

मोबाइल ॲपची गोष्ट निराळी आहे. अडत्याच्या फोनवर कोणती आवृत्ती आहे हे तुमच्या हातात नसतं. म्हणून सर्व्हरने किमान कोणत्या जुन्या आवृत्तीपर्यंत साथ द्यायची, हे आराखड्यात आकड्यानिशी लिहा.

६. नोंदी

एक तक्ता, एकच जागा. आयटम, सध्याची आवृत्ती, कुठे बसवली, कोणत्या बदल क्रमांकाने, कोणी, कधी. सुरुवातीला एक्सेल चालतं, पण ती फाइल एकाच ठिकाणी असावी आणि लिहिण्याचा अधिकार मोजक्यांनाच. सगळे एकच ॲडमिन लॉगिन वापरत असतील तर "कोणी" हा रकाना निरर्थक होतो. प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्या.

सर्व यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवून ठेवा. काटा क्रमांक तीनचं घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर लॉग असूनही क्रम लागत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं जुळवणं, लॉग १८० दिवस जपणं आणि सायबर घटना ६ तासांत कळवणं सांगितलं आहे. ही सेटिंग्जसुद्धा कॉन्फिगरेशन आयटम म्हणून धरा.

७. जागेवर जाऊन ताळा

ऑडिट दोन प्रकारचं असतं. एकात प्रणाली ठरल्याप्रमाणे काम करते का ते पाहायचं. दुसऱ्यात प्रत्यक्ष जे बसवलं आहे ते नोंदीशी जुळतं का ते पाहायचं. पहिलं चाचणीत बऱ्यापैकी होऊन जातं. दुसरं टाळलं जातं, कारण त्यासाठी उन्हात जावं लागतं.

नागपुरात याला खास कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीतलं यंत्र बंद पडतं, तंत्रज्ञ गोदामातून बदली यंत्र आणून बसवतो, आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचं फर्मवेअर असतं. काम सुरू झालं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे बदली यंत्रंही यादीत घ्या आणि प्रत्येक रिलीजनंतर तीही अद्ययावत करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्व जागांचा फेरा ठेवा: स्क्रीनवरची आवृत्ती वाचायची, अनुक्रमांक आणि शिक्क्याचा फोटो काढायचा, तक्त्याशी ताडायचा. फरक दिसला तर कुणावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी फरक लपवला जाईल. फरकाचा बदल क्रमांक काढा आणि तो मिटवा.

८. साधनं

कोड व दस्तऐवजांसाठी गिट. सर्व्हरची सेटिंग्ज एकसारखी ठेवायला अन्सिबल हे साधन. बदलांच्या फॉर्मसाठी तुमच्याकडे आधीच असलेली तिकीट प्रणाली. सहा काट्यांसाठी महागडं कॉन्फिगरेशन डेटाबेसचं सॉफ्टवेअर घेण्याची गरज मला दिसत नाही. पद्धत बसली नसेल तर साधन विकत घेऊन ती बसत नाही.

९. रिपॉझिटरीचीही काळजी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत आणि दुकानांत शिरलं. तळमजल्यावरच्या कार्यालयांतल्या संगणकांचं काय होतं, हे तेव्हा शहराने पाहिलं. बेसलाइनची एक प्रत कार्यालयात, एक दुसऱ्या माध्यमावर आणि एक शहराबाहेर किंवा क्लाउडवर असू द्या. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून रिकाम्या यंत्रावर प्रणाली उभी करून पाहा. उभी झाली नाही, तर यादीत काय राहून गेलं तेही त्याच दिवशी कळतं.

१०. आता लिहायला बसा

आराखड्याच्या रचनेसाठी आयईईई ८२८ हे मानक उपयोगी आहे. त्याच्या १९९८ च्या आवृत्तीत सहा भाग सुचवले आहेत: प्रस्तावना, व्यवस्थापन, कामं, वेळापत्रक, साधनसामग्री आणि आराखड्याची स्वतःची देखभाल. आयएसओ १०००७ ची २०१७ ची आवृत्ती शब्दांच्या व्याख्यांसाठी पाहा. ते मार्गदर्शन आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे कुणी "१०००७ सर्टिफाइड" म्हणून काही विकत असेल तर सावध राहा.

मसुदा झाला की तो ज्यांनी लिहिला नाही अशा दोघांना द्या: एक नवा डेव्हलपर आणि एक काट्यावरचा माणूस. डेव्हलपरला सांगा, आजची बेसलाइन शोधून चालू करून दाखव. काट्यावरच्या भाऊंना विचारा, यंत्र बदललं तर कुणाला सांगाल? दोघं जिथे अडतील तिथे वाक्य बदला. मग सह्या घ्या, आराखड्यालाही आवृत्ती क्रमांक द्या आणि तो स्वतःच यादीतला आयटम करा. दर मोठ्या रिलीजनंतर आणि टीममधला जबाबदार माणूस बदलला की तो पुन्हा वाचायचा, ही तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका.